सहाही टाक्यांत करडी शाई भरण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा रंगांचा एप्सन प्रिंटर हाताशी आहे. त्यावर कृष्णधवल फोटो छापले की कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. रंगीत शाया काढून सगळीकडे काळ्या-करड्या शाया भरल्या की हा त्रास जातो असं तुमच्या वाचनात आलं आहे. तर शाई कोणती घ्यावी आणि भरायची कशी?

उत्तर देतो, पण आधी प्रश्न थोडा फिरवून घेतो. शाई बदलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: फोटोतल्या कुठल्या टोनसाठी, म्हणजे उजळ-गडद छटेसाठी, कुठल्या नोझलमधून (शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांतून) किती शाई पडावी, हे ठरवणार कोण? आज ते प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं कंपनीचं सॉफ्टवेअर, ठरवतो आणि त्याच्या हिशेबात सायनच्या खणात सायनच आहे. तिथे तुम्ही करडी भरलीत हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. तो जुन्याच हिशेबाने शाई सोडत राहतो आणि मधले टोन एकमेकांवर चढतात. म्हणजे तुम्हाला नुसती शाई बदलायची नाही, तर शाई, सॉफ्टवेअर आणि कागद या तिघांची मिळून एक नवी टोनांची शिडी बांधायची आहे. ती तयारी असेल तर जे हाती येतं ते फार सुंदर असतं. ती नसेल तर आत्ताची हिरवट झाक परवडली, अशी अवस्था होते.

आधी झाक का येते ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. तुमचा प्रिंटर करडा रंग बनवतो तो बराचसा सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून, वर थोडी काळी घालून. रंगीत फोटोत एखादा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर नजर ते खपवून घेते. करड्यात ती अजिबात खपवून घेत नाही. तिघांतली एक शाई किंचित जास्त पडली, कागद बदलला, नोझलमधली एखादी ओळ कमी चालली, की लगेच दिसतं. त्यात भर म्हणजे असं मिश्रण खिडकीजवळ एक दिसतं आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली दुसरंच. तीन रंगद्रव्यांचं मिश्रण प्रकाशातल्या काही तरंगलांबी जास्त शोषतं, काही कमी, त्यामुळे दिवा बदलला की तोल बदलतो. काळ्या शाईतल्या कार्बनचं तसं नाही. तो दृश्य प्रकाश जवळजवळ सारखाच शोषतो, म्हणून कार्बनच्या पिगमेंटने (द्रवात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांनी) छापलेला फोटो दिवा बदलला तरी आपला सूर फारसा सोडत नाही. शिवाय उजेडात टिकण्याच्या बाबतीतही रंगीत रंगद्रव्यं त्याच्या जवळपास येत नाहीत.

मग नुसती एकच काळी शाई वापरून का छापू नये? छापता येतं. काही जण मुद्दाम तसंच छापतात. अडचण उजळ भागात येते. आकाश किंवा गाल यांसारख्या फिक्या टोनसाठी काळ्या शाईचे थेंब विरळ पाडावे लागतात. पांढऱ्या कागदावर लांब लांब पडलेले काळे ठिपके डोळ्याला खरखरीत दिसतात. अशा प्रिंटरांचा सर्वात लहान थेंब दीड पिकोलिटरचा असला तरी जवळून पाहताना ही खरखर लपत नाही. फिकी करडी शाई असेल तर तोच टोन आणण्यासाठी भरपूर थेंब लागतात, ते एकमेकांना चिकटून पडतात, कागद झाकला जातो आणि गालावरचा उतार सलग दिसतो. वेगवेगळ्या गडदपणाच्या करड्या शाया ठेवायच्या त्या एवढ्याचसाठी.

ही खटपट जुनी आहे. ग्रॅहम नॅश या संगीतकाराने १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छपाईची कार्यशाळा सुरू केली. तिचं मूळ स्वतः काढलेले कृष्णधवल फोटो कागदावर नीट उतरवण्याच्या धडपडीत होतं. त्यांचं यंत्र होतं आयरिस ३०४७, जे मुळात छापखान्यांसाठी रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईआधीचे नमुने, काढायला बनवलेलं. पुढे जॉन कोन यांनी पिएझोग्राफी या नावाने एप्सनच्या साध्या प्रिंटरांत भरता येतील असे करड्या शायांचे संच आणले. रॉय हॅरिंग्टन यांनी क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि कुठल्या खणातून किती शाई पडावी याचा ताबा थेट छापणाऱ्याच्या हाती आला. तुम्ही जे करू पाहताय त्याचा पाया हाच.

आता पहिला सल्ला, आणि तो तुम्हाला कदाचित आवडणार नाही: लगेच बदलू नका. तुमच्याकडे तीन काळ्या-करड्या शाया असलेला प्रिंटर असता, म्हणजे एप्सनची २००५ सालापासूनची के-थ्री शायांची यंत्रं किंवा कॅननचे प्रो-१०० आणि प्रो-१००० यांसारखे, तर मी बदल करायलाच नको म्हटलं असतं. एप्सनच्या त्या प्रिंटरांत कृष्णधवलासाठी वेगळा मोड असतो. तो रंगीत शाया अगदी नावापुरत्या वापरतो आणि त्याचं काम चांगलं असतं. तुमच्या सहारंगी प्रिंटरमध्ये ही सोय नाही, म्हणून विचार करायला जागा आहे. तरीही एक गोष्ट आधी करून पाहता येते. आत्ता भरलेल्या मूळ शाया तशाच ठेवून क्वाडटोन रिपमधून छापा आणि काळीचा वाटा जितका वाढवता येईल तितका वाढवा. झाक बरीच कमी होते. तेवढ्यावर समाधान झालं तर यंत्र रंगीत कामालाही मोकळं राहतं. मात्र तुमचं मॉडेल त्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. यादीत नसेल तर पुढचं सगळं इथेच थांबतं, कारण कंपनीच्या ड्रायव्हरमधून करड्या शायांचा संच चालवण्याच्या ज्या युक्त्या आहेत त्यांत फिक्या सायन-मॅजेंटाच्या खणांवर तुमचा स्वतंत्र ताबा राहत नाही.

एप्सनच का, असंही पुढे विचाराल. त्याच्या हेडमध्ये, म्हणजे नोझल असलेल्या भागात, थेंब पिएझो स्फटिकाच्या हालचालीने ढकलला जातो. कॅनन आणि एचपीच्या नेहमीच्या हेडमध्ये शाई क्षणभर तापवून, बुडबुडा करून थेंब उडवतात. तापवण्याची गरज नसल्यामुळे पिएझो हेड वेगळ्या बनावटीच्या शाया जास्त निमूटपणे चालवतो. शिवाय या कामाचं जे काही सॉफ्टवेअर आहे ते बहुतांश एप्सनभोवतीच लिहिलेलं आहे.

ठरवलंच तर यंत्राची तब्येत तपासा. नोझल चेक, म्हणजे सगळे नोझल चालतात का ते दाखवणारं रेघांचं पान, छापा आणि भिंगातून पाहा. एकही रेघ तुटलेली नको. ‘नाहीतरी शाई बदलायचीच आहे, तेव्हा नोझल मोकळे होतील’ या आशेवर अडलेला प्रिंटर कधीही घेऊ नका. अडलेल्या हेडमध्ये नवी शाई भरली की नव्या शाईसह अडलेला हेड मिळतो, बाकी काही नाही. वेस्ट इंक पॅड (वाया जाणारी शाई शोषणारी गादी) किती भरलंय तेही बघा, कारण पुढच्या साफसफाईत बरीच शाई तिकडे जाणार आहे. आणि प्रिंटर कार्ट्रिजचा असेल तर चिपचा, म्हणजे शाई किती उरली याचा हिशेब ठेवणाऱ्या कार्ट्रिजवरच्या तुकड्याचा, प्रश्न येतो. आपोआप रिसेट होणाऱ्या चिपची रिकामी कार्ट्रिज त्या मॉडेलला मिळतात का, हे आधी पक्कं करा आणि फर्मवेअरचं, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट बंद ठेवा. काही मॉडेलांत एका अपडेटनंतर यंत्र बाहेरची चिप ओळखायचंच बंद करतं. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये, म्हणजे एल-८०५ किंवा एल-१८०० सारख्यांत, ही कटकट कमी असते. त्या बदल्यात लांब नळ्या असतात आणि त्या धुवायला जास्त शाई आणि जास्त धीर लागतो.

शाईबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा करताय तर एकाच उत्पादकाचा, एकमेकांशी जुळवलेला पिगमेंटचा तयार संच घ्या. स्वतः शाई पातळ करून करड्या बनवणारे लोक आहेत आणि ते उत्तम काम करतात, पण ते शाईत साधं पाणी घालत नाहीत. पिगमेंटचे कण द्रवात तरंगत राहावेत, नोझलच्या तोंडाशी शाई सुकू नये, थेंब नीट तुटावा यासाठी शाईत वेगवेगळे घटक असतात. नुसतं डिस्टिल्ड वॉटर घातलं की हे सगळे घटक एकदम विरळ होतात. कण खाली बसतात, नोझल सुकतात. पातळ करायचीच असेल तर त्याच शाईसाठी बनवलेलं रंगहीन बेस द्रावण लागतं. आणि डाय शाईच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईच्या, वाटेला जाऊ नका. ती नोझलला सोपी असते, पण भिंतीवर लावायच्या कृष्णधवल प्रिंटला तिचा टिकाऊपणा पुरत नाही.

आता सहा खणांत काय काय भरायचं. बहुतेक जण उत्साहात सहाही खणांत काळ्या-करड्या भरतात. मी तुम्हाला एक काळी, तीन करड्या आणि दोन टोनिंगच्या, म्हणजे करड्याचा सूर बदलणाऱ्या, शाया सुचवेन. त्याचं कारण असं की शुद्ध कार्बन तटस्थ करडा नसतो. तो उबदार, तपकिरीकडे झुकणारा असतो आणि जितका पातळ कराल तितका हा तपकिरी सूर वाढतो. जुन्या वास्तू, चेहरे, लाकूड यांना तो सुरेख शोभतो. पावसाळी आभाळाला किंवा बर्फाला मात्र तो खुपतो. थोडा पातळ सायन आणि थोडा पातळ मॅजेंटा हाताशी असेल तर हा सूर हवा तितका थंड करता येतो, शिवाय सावल्या थंड आणि उजळ भाग उबदार अशी विभागणीही करता येते. चार पायऱ्यांच्या पुढे आणखी करड्या घातल्याने सुधारणा होते, नाही असं नाही, पण इतक्या लहान थेंबाच्या यंत्रावर ती भिंगाखाली जास्त आणि हातभर अंतरावरून कमी दिसते. टोनिंगचा फायदा मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतो.

खणांचा क्रम तयार संचासोबत सांगितलेला असेल तर तोच पाळा, कारण त्यांच्या प्रोफाइल, म्हणजे कुठल्या टोनला कुठली शाई किती हे सांगणाऱ्या फाइली, त्या क्रमावर बेतलेल्या असतात. क्रम तुमच्या हातात असेल तर मी असा लावतो: काळीच्या खणात काळी, सायनच्या खणात टोनिंगचा सायन, मॅजेंटाच्या खणात टोनिंगचा मॅजेंटा. पिवळ्याच्या खणात सर्वात गडद करडी, फिक्या मॅजेंटाच्या खणात मधली आणि फिक्या सायनच्या खणात सर्वात फिकी. हेडमध्ये आणि नळीत जुन्या रंगाचा अंश बरेच दिवस राहतो. गडद मॅजेंटा ज्या खणात होता तिथे फिकी करडी भरलीत तर तिला गुलाबी छटा येत राहील आणि तुम्ही प्रोफाइलमधला शाईचा वक्र चुकला समजून नको तिथे शोधत बसाल. वरच्या क्रमात जुना सायन नव्या सायनमध्येच मिसळतो, आणि पिवळ्याचा अंश गडद करडीत लपून जातो.

धुण्याचं काम घाईने करू नका. आधी सगळे खण फ्लशिंगच्या द्रावणाने भरून पानंच्या पानं छापा, तेही एकेक खण वेगळा चालवून. क्वाडटोन रिपमध्ये प्रत्येक शाई स्वतंत्र छापता येते, तिचा इथे उपयोग होतो. पान जवळजवळ पांढरं येऊ लागलं की करड्या भरा. कार्ट्रिजला हवेचं भोक बुजवणारी चिकटपट्टी किंवा बूच असतं, ते काढल्याची खात्री करा. नवी शाई भरल्यावर पान वरच्या बाजूला ठीक आणि खाली खाली फिकट होत गेलं तर नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं: हवा आत जात नाही म्हणून शाई बाहेर येत नाही. अशा वेळी हेड क्लीनिंगची बटणं दाबत राहिलं तर फक्त वेस्ट पॅड भरतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नंतर फार लोकांना अडवते. सर्वात फिक्या करडीचा नोझल चेक पांढऱ्या कागदावर जवळपास दिसतच नाही. तिच्या पाच-सात रेघा तुटल्या तरी कळत नाही, आणि मग उजळ आकाशात बारीक आडवे पट्टे येतात. तो चेक स्कॅन करून कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवून पाहा. तुटलेली रेघ लगेच उठून दिसते.

इथवरचं एका दमात: सॉफ्टवेअरच्या यादीत मॉडेल आहे, नोझल पूर्ण चालू आहेत, चिपची सोय झाली, पिगमेंटचा जुळवलेला संच भरला, जुना रंग धुऊन गेला. आता कुठे तुमचा प्रिंटर छापायच्या लायकीचा झाला. फोटो अजून छापायचा नाही.

आता शिडी. यासाठी कागद एकच निवडा आणि पहिले काही महिने त्यालाच धरून राहा. मी मॅट, सुती कागद सुचवतो, शक्यतो ज्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं) नाहीत असा. ब्राइटनरमुळे कागद आज निळसर-पांढरा दिसतो, पण त्यांचा परिणाम काळाने ओसरतो आणि मग तुमचा तटस्थ करडा पिवळ्याकडे सरकतो. ग्लॉसी आणि बरायटा, म्हणजे चमक असलेले, कागद तुमच्या सेटअपला नकोतच. मॅट काळी शाई ग्लॉसी पृष्ठभागात मुरत नाही, बोट फिरवलं तर पुसली जाते. ग्लॉसीसाठीची फोटो ब्लॅक घातली तर ती मॅट कागदावर काळी न दिसता कोळशाच्या राखेसारखी दिसते. शिवाय ग्लॉसीवर करड्या शायांची पिगमेंट तिरप्या उजेडात तांब्यासारखी चमकते आणि वरून पारदर्शक थर द्यावा लागतो. त्यासाठी तुमच्याकडे खणच उरलेला नाही.

मॅटची किंमतही मोजावी लागते, ती आधीच सांगून ठेवतो. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची घनता, म्हणजे गडदपणाचं माप, साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते. चांगल्या बरायटा कागदावर २.२ किंवा त्याहून पुढे. घनता ०.३ ने वाढली की परत येणारा उजेड निम्मा होतो, त्यामुळे हा फरक कागदावर छोटा नाही. मॅट प्रिंटचा खोल काळा हा शेजारच्या टोनांच्या जोरावर काळा वाटतो. म्हणून मॅटवर सावल्यांमधला टप्प्याटप्प्याचा फरक अचूक असणं ग्लॉसीपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

पहिलं पान छापायचं ते प्रत्येक शाईची वेगळी पट्टी, शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत. त्यावर दोन गोष्टी शोधायच्या. एक म्हणजे काळी कुठे थांबते. अमुक टक्क्यांपर्यंत ती गडद होत जाते, मग होत नाही आणि त्यानंतर कागद नुसता भिजतो. काही कागदांवर त्याच्याही पुढे गेलं की काळा चक्क उजळायला लागतो. गडद होणं जिथे थांबतं ती त्या कागदाची शाईची मर्यादा. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक करडीचा पूर्ण गडदपणा काळीच्या किती टक्क्यांशी जुळतो. समजा गडद करडी तिच्या पूर्ण ताकदीवर काळीच्या तीस टक्क्यांइतकी दिसते. हे आकडे प्रोफाइलमध्ये भरले की सॉफ्टवेअरला कळतं कुठली शाई कुठवर चालवायची आणि पुढची कुठे सुरू करायची.

मग एकवीस पायऱ्यांची करडी पट्टी छापा, वाळू द्या, मोजा. वाळू द्या हे गंभीरपणे घ्या. मॅट कागदावरचा काळा पहिल्या तासाभरात बदलतो आणि नंतरही किंचित सरकतो, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीच मोजावं. मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं उपकरण, उत्तम. नसेल तर फ्लॅटबेड स्कॅनरही चालतो, अट एवढीच की त्याच्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद हव्यात आणि आकडे माहीत असलेली एक पट्टी शेजारी ठेवून स्कॅन करायला हवं.

मोजून काय पाहायचं ते एका उदाहरणाने सांगतो. कागदाचा पांढरा, लॅब मोजमापातल्या उजळपणाच्या एककात (शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा), ९६ आला आणि सर्वात गडद काळा १६. मधलं अंतर ८०, आणि एकवीस पट्ट्यांमध्ये वीस पायऱ्या. म्हणजे आदर्श पट्टीत प्रत्येक पायरीला उजळपणा चारने उतरायला हवा: ९६, ९२, ८८, ८४ असं. अकरावी पट्टी, म्हणजे बरोबर मध्य, ५६ यायला हवी. तुमची पहिली पट्टी अशी येणारच नाही. समजा सुरुवात ९६, ८९, ८१ अशी झाली, तर सर्वात फिकी करडी गरजेपेक्षा जास्त पडतेय आणि फोटोतले ढग राखेचे दिसतील. शेवट १८, १६.५, १६.२, १६ असा झाला, तर सावल्यांमधल्या तीन पायऱ्या एकमेकींत मिटल्या आहेत. काळी तिच्या मर्यादेपर्यंत फार लवकर पोचतेय किंवा मर्यादाच जास्त ठेवली आहे. आणि मध्येच कुठे ६४, ६३, ५५ असा आधी थबकून मग उडी मारणारा आकडा दिसला, तर तिथे एका करडीकडून दुसरीकडे जाण्याचा सांधा नीट जुळलेला नाही.

पहिले दोन दोष सॉफ्टवेअर स्वतः सुधारतं. मोजलेले एकवीस आकडे त्याला दिले की ते वक्र सरळ करून नवं प्रोफाइल बनवतं. तिसऱ्यावर मात्र नुसतं सरळ करण्याचं औषध लावू नका. सांधा चुकलेला असताना आकडे सरळ केले तर पट्टी मोजताना सुंदर येते आणि फोटोत नेमक्या त्या टोनवर बारीक घडी पडल्यासारखी दिसते. विशेषतः कपाळासारख्या सावकाश उतरणाऱ्या भागात. त्यासाठी परत करड्यांच्या टक्केवारीकडे जायचं, ती दुरुस्त करायची, पट्टी पुन्हा छापायची. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवतो, आणि तुम्हीही घालवा. पट्टी दुसऱ्यांदा मोजल्यावर एका एककाच्या आतबाहेर आली की पुढे जायला हरकत नाही. पण एकवीस पायऱ्यांची पट्टी सांध्यावरची घडी लपवू शकते, म्हणून शेवटी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरत जाणारा एक लांब पट्टा छापा आणि तो उजेडात तिरपा धरून पाहा. त्यात कुठेही कड दिसायला नको.

टोनिंगच्या शाया या सगळ्यानंतर आणायच्या. आधी तपकिरी सूर तसाच ठेवून करड्यांची शिडी पक्की करा, मग सायन-मॅजेंटा थोडे थोडे मिसळा. दोन्ही एकदम हाताळले तर दोष कुठून येतोय ते कळत नाही. सूर तटस्थ करताना दिवसाच्या उजेडात ठरवा, आणि पूर्ण तटस्थाच्या मागे लागू नका. सायन-मॅजेंटाचा वाटा जितका वाढेल तितका दिवा बदलल्यावर सूर सरकण्याचा जुना त्रास आणि उजेडात विटण्याची शक्यता थोडी थोडी परत येते. किंचित उबदार करडा बहुतेक कागदांवर तटस्थाहून नैसर्गिक दिसतो.

फोटो पाठवताना तो ग्रेस्केल, गामा २.२ च्या प्रोफाइलमध्ये, शक्यतो सोळा बिटमध्ये ठेवा आणि कुठेही रंगव्यवस्थापनाचं दुसरं रूपांतर होऊ देऊ नका. आठ बिटमध्ये धुकं आणि आकाश यांच्या फिक्या उतारात पायऱ्या दिसू शकतात. प्रिंट पडद्यापेक्षा अंधारा येतोय असं वाटलं तर वक्राला हात लावण्याआधी मॉनिटरचा उजेड कमी करा. बरेच मॉनिटर कागदाच्या तुलनेत फार प्रखर चालवले जातात. क्वाडटोन रिपसोबत मोजलेल्या आकड्यांतून आयसीसी प्रोफाइल (पडद्यावर प्रिंटची नक्कल दाखवायला लागणारी फाइल) बनवायची सोय आहे. ती वापरली की प्रिंट कसा दिसेल याचा बऱ्यापैकी अंदाज पडद्यावर येतो.

देखभाल फार नाही, पण नियमित हवी. आठवड्यातून एकदा तरी सगळे खण चालतील असं एक पान छापा. पिगमेंट खाली बसतं, म्हणून कार्ट्रिज काही आठवड्यांनी काढून हलक्या हाताने उलटसुलट करा. जोरात हलवलंत तर फेस होऊन हवा शिरते. सर्वात फिक्या करडीत पिगमेंट खाली बसलं की उजळ टोन जसे हवेत तसे येत नाहीत, म्हणून काही काळ न वापरलेल्या प्रिंटरवर आधी पट्टी छापून जुन्या पट्टीशेजारी धरून पाहा. खोलीची हवा फार कोरडी असेल तर नोझल लवकर सुकतात. चाळीस ते साठ टक्के आर्द्रता यंत्रालाही बरी आणि कागदालाही. शाईची नवी बाटली उघडली किंवा कागदाची नवी खेप आली की एकवीस पायऱ्यांची पट्टी पुन्हा मोजा. बहुतेक वेळा काही करावं लागत नाही, पण जेव्हा करावं लागतं तेव्हा फोटोचे महागडे कागद वाया जाण्याआधी ते कळतं.

आणि हा प्रिंटर परत रंगीत करायचा विचार मनात ठेवू नका. होतं, पण पुन्हा तेवढंच धुणं, तेवढीच शाई, आणि काळ्या पिगमेंटचा अंश पिवळ्यात दिसत राहतो तो वेगळाच. रंगीत फोटोंसाठी तुम्हाला दुसरं यंत्र लागणारच नसेल किंवा ते आधीपासून असेल, तरच हा बदल करा.

तुमचं मॉडेल कुठलं आहे आणि कागद कुठला वापरणार आहात हे प्रश्नात नव्हतं. ते लिहा. मूळ शायांवर क्वाडटोन रिपमधून छापलेल्या पट्टीचे एकवीस आकडेही जमलं तर सोबत द्या. ते पाहून बदल करण्यात अर्थ आहे की नाही हे बरंच नेमकं सांगता येईल.